गुण कोणाला आला?

मराठी भाषेने काही शब्दांवर फार ओझे घातले आहे. ‘गुण’ हा त्यांतला एक. औषध लागू पडले की आपण म्हणतो, गुण आला. परीक्षेत मुलाला मिळतात तेही गुणच. आणि मूल निमूटपणे सांगितलेले ऐकू लागले की शेजारीण म्हणते, ‘किती गुणी आहे हो तुमचा!’ तीन निराळ्या गोष्टी आपण एकाच डब्यात भरून ठेवल्या आहेत. एरवी यामुळे काही बिघडत नाही. काढ्याने खोकला थांबला म्हणून कोणी प्रगतिपुस्तक उघडून पाहत नाही, की ताप उतरला म्हणून कोणाला सद्गुणी म्हणत नाही. परंतु मुलांना देण्यात येणारी काही औषधे अशी आहेत की त्यांच्या बाबतीत हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळून जातात. गोळी पोटात जाते, चाचणीतले गुण वाढतात, मूल गुणी होते, आणि आपण समाधानाने म्हणतो, गुण आला. कोणाला आला, हे विचारायचे मात्र राहून जाते. तोच प्रश्न मला येथे विचारावयाचा आहे.

मी एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले, तेव्हा औषधांविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा मला हक्क नाही. जे लिहिणार आहे ते डॉक्टरांना विचारून आणि वाचून समजून घेतलेले आहे. परंतु माझ्या या दोन कामांमुळे प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्यासमोर रोज येतात. शिक्षिकेला माणूस बाहेरून दिसतो. ४८ मुलांच्या वर्गात कोण उठला, कोण बोलला, कोणाची वही कोरी राहिली, एवढे ध्यानात आले तरी पुष्कळ. कादंबरीकाराचे काम नेमके उलट. गप्प बसलेल्या माणसाच्या मनात काय चालले आहे हे सांगता येत नसेल, तर त्याने लेखणी खाली ठेवावी हे बरे.

ज्या विकारावर ही औषधे देतात त्याचे इंग्रजी नाव लांबलचक आहे; आद्याक्षरांवरून सारे त्याला एडीएचडी म्हणतात. लक्ष एका जागी टिकत नाही, हातपाय स्वस्थ राहत नाहीत, मनात आले की कृती होऊन जाते आणि विचार मागाहून येतो. हा आळस नव्हे, संस्कारांची उणीवही नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतला हा फरक आहे आणि पुष्कळदा तो घराण्यात चालत येतो. पण ही समजूत यायला काळ जावा लागला. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने स्वतःला आवर घालता न येणाऱ्या मुलांवर व्याख्याने दिली. त्यांतल्या अनेकांची बुद्धी चांगली शाबूत आहे, हे त्याने ओळखले. तरीही त्याने त्या अवस्थेला जे नाव दिले त्याचा मराठी अर्थ ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ असा होतो. म्हणजे निरोगी असणे आणि गुणी असणे यांची सरमिसळ या विषयाला अगदी बाळपणापासून चिकटलेली आहे.

औषधाची कथाही तशीच. १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर मुलांच्या एका रुग्णालयात काम करीत होते. तपासणीसाठी पाठीच्या कण्यातले पाणी काढल्यावर मुलांची डोकी दुखत. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी हटली नाही. पण शिक्षक सांगू लागले की मुले अभ्यासाला बसत आहेत. ३० मुलांना आठवडाभर हे औषध दिले, त्यांतल्या १४ मुलांच्या शाळेच्या कामात डोळ्यांत भरण्याजोगी सुधारणा झाली. मुलांनीच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असे नाव ठेवले. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील लिआंद्रो पानित्झोन या रसायनशास्त्रज्ञाने मेथिलफेनिडेट तयार केले. त्याची पत्नी मार्गेरिट टेनिस खेळण्यापूर्वी ते घेई आणि आपला खेळ सुधारला असे सांगे. तिच्या ‘रीटा’ या लाडक्या नावावरूनच त्या औषधाचे ‘रिटालिन’ असे नामकरण झाले.

या दोन कथा शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. मार्गेरिटबाईंनी गोळी स्वतःच्या मर्जीने घेतली आणि गुण आला की नाही ते स्वतःच्याच तोंडाने सांगितले. मुलांच्या बाबतीत मात्र पहिली साक्ष शाळेची झाली. आजही साधारण तसेच चालते. गोळी घेतो मुलगा, आणि तिचा गुण सांगतात बाई आणि बाबा.

आता एका मुलाची हकीकत सांगते. त्याच्या आईवडिलांनी लिहायला संमती दिली आहे. तो ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. दोन वर्षांपूर्वी तो माझ्या सहावीच्या वर्गात होता. बाक म्हणजे त्याच्या लेखी घोडा. प्रश्न पुरता विचारून होण्याआधी उत्तर तयार, आणि ते बहुधा दुसऱ्याच प्रश्नाचे. वह्या हरवायच्या, कंपास हरवायचा, एकदा तर एक चप्पल हरवून घरी गेला. वडिलांचे शेतीच्या औषधांचे दुकान. माणूस कष्टाळू आणि सरळ. शेवटी पुण्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याला नेले. दोन भेटींत पूर्ण चौकशी करून डॉक्टरांनी निदान केले आणि जुलैमध्ये मेथिलफेनिडेटची गोळी सुरू झाली. सकाळी न्याहारीबरोबर घ्यायची आणि शाळेचे तास निभावून न्यायची, अशा प्रकारची ती होती.

गोळीने काम केले, हे प्रथम सांगितले पाहिजे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात तो काही रसायनांच्या द्वारे. डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही त्यांतली दोन. ती लगेच परत ओढून घेतली जातात. मेथिलफेनिडेट ती ओढ रोखते, त्यामुळे निरोप थोडा अधिक काळ टिकतो आणि लक्षही टिकते. आमचा मुलगा आठवड्याभरात बाकावर बसू लागला. जुलैआधीच्या चाचणीत गणितात त्याला २० पैकी ९ होते. ऑगस्टच्या घटक चाचणीत १६ आले. वडील पेढे घेऊन शाळेत आले. ‘बाई, गुण आला,’ ते म्हणाले, आणि त्यांच्या त्या एका वाक्यात तिन्ही अर्थ होते.

पण माझ्या डोळ्यांना आणखीही काही दिसत होते. मधल्या सुट्टीत त्याचा डबा जसाच्या तसा परत जाई. भूक कमी होणे हा या गोळीचा ठाऊक असलेला परिणाम आहे, तेव्हा त्यात नवल नव्हते. नवल होते ते खोडरबराचे. एकच ओळ तो तीन तीनदा पुसून लिही, कागद फाटेपर्यंत. घंटा झाली की दचके. फळ्याकडे बोलावले की हात गार पडत. एके दिवशी त्याची आई वेळ काढून भेटायला आली. ती म्हणाली, ‘बाई, रात्री दहा वेळा उठून विचारतो, आई, दाराला कडी लावलीस ना? गॅस बंद आहे ना? छातीत धडधडतंय म्हणतो. त्याच्या बाबांना सांगितलं तर ते म्हणतात, अगं, आता कुठे पोरगं शहाणं झालंय, तू काही काढू नकोस.’

चंचलता आणि चिंता यांत एक मोठा व्यवहारी फरक आहे. चंचलता आवाज करते. तिची तक्रार दहा जण करतात, शेजारच्या बाकापासून शेजारच्या वर्गापर्यंत. चिंतेचा आवाज होत नाही. तिची तक्रार ज्याला ती आहे त्यानेच करायची असते. आणि पोटात गोळा आलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला नेमके तेच जमत नाही. एडीएचडी असलेल्या साधारण चारांपैकी एका मुलाला चिंतेचा विकारही असतो, असे डॉक्टर सांगतात. दोन दुखणी एका घरात राहायला आली की गलबला करणाऱ्याकडेच सर्वांचे लक्ष जाते. त्याला आपण गप्प केले, की दुसरे हळूच पुढच्या खोलीत येऊन बसते. ते नवीन आलेले असते की आधीपासून आतच होते, हे बाहेरच्याला सांगता येत नाही.

डॉक्टरांची शिक्षकांसाठी एक छापील प्रश्नावली असते. ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात बहुतेक प्रश्न बाहेरच्या त्रासाचे होते. जागेवरून उठतो का, मध्येच बोलतो का, भांडतो का. भीतीचे आणि उदासीचे प्रश्न थोडे, शेवटी शेवटी. मी सगळी उत्तरे भरली आणि खाली मोकळ्या जागेत डबा, खोडरबर आणि घंटा यांविषयी चार ओळी लिहिल्या. आईने रात्रीच्या प्रश्नांची वही ठेवली. हे दोन कागद घेऊन ती तिघे पुण्याला गेली.

पुढे डॉक्टरांनी जे केले ते मला फार शिकवून गेले. त्यांनी गोळी एकदम बंद केली नाही की चिंतेसाठी दुसरी लगेच वाढवून दिली नाही. ते म्हणाले, धडधड तीन कारणांनी असू शकते. चिंता पूर्वीचीच असेल आणि धांदलीखाली दबलेली असेल. गोळीने नाडी जलद होते, त्या धडधडीचा मुलगा भीती असा अर्थ लावत असेल. किंवा संध्याकाळी गोळीचा अंमल उतरतो, त्या वेळची ती अस्वस्थता असेल. तिन्हींचे उपाय वेगळे. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा आणि पाहायचे. आधी मात्रा कमी करून पाहिली. धडधड कमी झाली, पण लक्षही गेले. तेव्हा औषध बदलायचे ठरले.

औषध बदलणे म्हणजे जळालेला बल्ब काढून नवा लावणे नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मेथिलफेनिडेट त्याच दिवशी काम करते आणि त्याच दिवशी उतरते. त्याऐवजी सुचवलेले ॲटोमॉक्सेटिन हे औषध वेगळ्या चालीचे आहे. अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली. ते मुख्यतः नॉरॲड्रेनलिनवर काम करते. ज्या मुलांना दोन्ही विकार आहेत त्यांची चिंताही त्याने कमी होऊ शकते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. पण त्याची मात्रा वजन पाहून हळूहळू वाढवावी लागते आणि पुरता परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे, कधी अधिकही लागतात. त्यानेही नाडी वाढू शकते, मळमळ होते. आणि काही मुलांच्या मनात त्याने स्वतःचे बरेवाईट करून घेण्याचे विचार येऊ शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषधखात्याने २००५ मध्ये त्यावर घातला आहे. म्हणून सुरुवातीचे महिने घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे असते.

त्यातून जोडीला चिंतेचे औषध चालू असेल तर गणित आणखी अवघड. फ्लुओक्झेटिन हे चिंतेवर आणि उदासीवर पुष्कळ वापरले जाणारे औषध. पण यकृतातले जे विकर ॲटोमॉक्सेटिनचा निचरा करते तेच फ्लुओक्झेटिन अडवून धरते, त्यामुळे नेहमीच्या मात्रेतही रक्तातले प्रमाण बरेच वाढते. क्लोनिडिन हे मुळात रक्तदाबाचे औषध अशा मुलांना कधी देतात. ते अचानक बंद केले तर रक्तदाब एकदम उसळी मारतो. तेव्हा ‘उद्यापासून ही नको, ती द्या’ असे घरच्या घरी करायचे हे काम नाही. डॉक्टरांनी बदल दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर सुरू केला. परंतु सुट्टी तीन आठवड्यांची आणि औषधाला हवे होते आठ. म्हणजे उरलेले पाच आठवडे शाळा भरणार, जुने औषध गेलेले असणार आणि नवे अजून पोहोचलेले नसणार.

हे पाच आठवडे कोणी सोसायचे? खरा नैतिक प्रश्न येथे उभा राहतो. वडिलांनी तो स्पष्टच मांडला. ‘बाई, गुण येतोय ते औषध सोडून, येईल न येईल अशा औषधामागे का लागायचं? इंजेक्शन देतानाही पोरगं रडतंच. आपण काय सुई टोचायची थांबतो?’ हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. मुलाच्या भल्यासाठी त्याला थोडे दुःख सोसायला लावणे हा आईबापांचा हक्कच काय, कर्तव्यही आहे.

पण सुईचा हिशेब एकाच वहीत लिहिलेला असतो. दुखते त्याला, आणि गोवरापासून वाचतोही तोच. दुःख क्षणाचे, लाभ जन्माचा. येथे मात्र जमा आणि खर्च वेगवेगळ्या वह्यांत पडले होते. वर्गातली शांतता माझ्या वहीत जमा झाली. पेढे वडिलांच्या वहीत. गणितातले सात गुण त्याच्या वहीत होते, हे खरेच. शिकलेले गणित त्याचे आणि ते मोलाचे आहे. पण रात्रीची कडी, गार पडलेले हात आणि न खाल्लेला डबा हा सारा खर्च मात्र एकट्या त्याच्या नावावर होता. आपल्या वहीत जमा दिसते म्हणून दुसऱ्याच्या वहीतला खर्च न पाहणे याला व्यापारात काय म्हणतात ते त्याच्या दुकानदार वडिलांना मी सांगायची गरज नव्हती. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘माझं ऐकू नका. त्यालाच विचारा.’

मग मुलाचेच तेवढे खरे मानावे काय? असेही मला म्हणायचे नाही. मुलाला आतले कळते, पण बाहेरचे कळतेच असे नाही. आपण किती वेळा जागेवरून उठतो याची त्याला गणती नसते. ‘गोळी नको’ यामागे कधी नुसता कंटाळा असतो, कधी मित्रांचे चिडवणे. शिवाय सर्वच मुलांना उत्तेजक औषधाने धास्ती वाटते असे नाही; अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सरासरीने या औषधांनी मुलांची चिंता कमीच होते असे आढळले आहे. रोजची बोलणी आणि रोजची फजिती यांतून ज्याची चिंता उगवली, त्याचे काम नीट होऊ लागले की ती आपोआप ओसरते. म्हणून एका मुलाची हकीकत ऐकून दुसऱ्या मुलाची गोळी कोणी बदलू नये. आणि ‘पोरांना कसल्या गोळ्या देता, दोन धपाटे द्या’ म्हणणाऱ्यांनी तर या हकीकतीचा आधार मुळीच घेऊ नये. त्या मुलाला औषधाची गरज होती आणि आहे. प्रश्न औषध हवे की नको हा नव्हता. ते लागू पडले असे कोणी म्हणायचे, हा होता.

माझे मत असे की, प्रत्येक साक्षीदाराला त्याने पाहिले असेल तेवढेच विचारावे. बाईंना वर्ग विचारावा, आईला रात्र विचारावी, डॉक्टरांना नाडी आणि वजन. आणि आतले, म्हणजे भीती, धडधड, मनाची घालमेल, हे मुलालाच विचारावे आणि त्याला सांगता येईल अशा भाषेत विचारावे. ‘चिंता वाटते का?’ या प्रश्नाला अकरा वर्षांचा मुलगा ‘नाही’ म्हणतो. ‘पोटात गोळा येतो का? केव्हा येतो?’ म्हटले की बोलू लागतो. या साक्षी जुळल्या तर उत्तम. न जुळल्या, आणि बाहेरचे सुख आतल्या दुःखाच्या मोलाने येत आहे असे दिसले, तर ते सुख सोडण्याची तयारी आपण मोठ्यांनी ठेवावी.

‘बाकीच्या ४७ मुलांचं काय?’ असे माझ्या एका सहशिक्षिकेने विचारले. रास्त प्रश्न आहे. वर्गाचाही शांततेवर हक्क आहे, आणि एकासाठी सर्वांनी अनंत काळ सोसावे असे मी म्हणणार नाही. पण त्या हक्काची भरपाई मुलाच्या औषधाची मात्रा वाढवूनच व्हावी असे कोठे लिहिले आहे? १९९९ साली अमेरिकेत ५७९ मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १४ महिने काही मुलांना नीट देखरेखीखाली औषध दिले, काहींना वागणुकीचे शिक्षण दिले, म्हणजे मुलाबरोबर आईवडिलांना आणि शिक्षकांनाही शिकवले. काहींना दोन्ही दिले आणि काहींना गावातल्या नेहमीच्या उपचारांवर सोडले. एकंदरीत चंचलतेवर औषध सरस ठरले. पण ज्या मुलांना चिंताही होती, त्यांच्यात वागणुकीच्या शिक्षणाने जवळजवळ औषधाइतकेच काम केले. हे वाचून मला वाटले, बदलायचे ते केवळ मुलाच्या रक्तातले रसायन नव्हे. आपल्यालाही काही बदल करता येतो आणि तो लागूही पडतो.

तेव्हा त्या पाच आठवड्यांत आम्ही काही साध्या गोष्टी केल्या. त्याला पहिल्या बाकावर, भिंतीच्या बाजूला बसवले. फळ्याकडे अचानक बोलावणे बंद. उद्या कोणते गणित विचारणार ते आदल्या दिवशी सांगायचे. दहा गणितांऐवजी पाच आणि पाच. दोन तासांनंतर खडू आणायला किंवा हजेरी पोहोचवायला त्याला बाहेर पाठवायचे, म्हणजे पायांना काम मिळे आणि वर्गाला उसंत. आईने रात्रीची कडी त्यालाच लावायला दिली, एकदाच, आणि पुन्हा विचारले तर उत्तर न देता त्याच्याजवळ बसायचे. हे सर्व काही मोठे शास्त्र नव्हे. वर्ग थोडा गोंगाटाचा झाला, आणि त्यापासून कोणाचे फारसे नुकसान झाले नाही.

जानेवारीत ते पुन्हा पुण्याला गेले. वजन अडीच किलोंनी वाढले होते. चाचणीत गणिताचे गुण १६ वरून १३ वर उतरले होते. अक्षर पुन्हा थोडे उधळलेले. डॉक्टरांनी आईवडिलांकडे न पाहता मुलालाच विचारले, ‘तुला काय वाटतं रे, आधीची बरी की ही?’ आईने मला त्याचे उत्तर मागाहून सांगितले. तो जरा विचार करून म्हणाला, ‘काका, आधीच्या गोळीने गणित सोपं जायचं. पण मी गणित करताना कोणीतरी मागे उभं आहे असं वाटायचं. आता कोणी नसतं.’ माझी सारी कादंबरीकारकी पणाला लावली असती तरी मला हे वाक्य सुचले नसते.

आज तो आठवीत आहे. औषध चालू आहे, मात्रा मध्यंतरी एकदा बदलली, आणि पुढेही कदाचित बदलावी लागेल. मूल वाढते तशी मात्राही नव्याने जुळवावी लागते. डबा तो खातो. बडबड आहेच. शेजारणी त्याला आता ‘गुणी’ म्हणतात असे मला वाटत नाही.

दिवाळीच्या फराळाला घरोघर पाहुणे जमतात. चकलीचा तुकडा मोडता मोडता कोणी काका, कोणी मावशी घरातल्या मुलाला जवळ ओढून विचारते, ‘काय रे, किती गुण पडले?’ प्रेमाने विचारतात, त्यात वाईट काहीच नाही. परंतु त्या घरातले मूल एखादी गोळी घेत असेल, किंवा घेत नसतानाही हल्ली जरा जास्तच शहाण्यासारखे बसत असेल, तर त्याला फराळ संपल्यावर एकटे गाठून आणखी एक प्रश्न विचारावा. रात्री झोप लागते का रे? आणि मग उत्तर येईपर्यंत थोडे थांबावे, कारण ते यायला वेळ लागतो.